एका नावेची शर्यत होत नाही, राजेहो!

पोस्ट मोठी आहे. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी मुद्दा सुरुवातीलाच सांगून टाकतो. धरणाकाठच्या पोट्ट्यांसाठी वर्गणी करून शर्यतीची दोन माणसांची नाव घ्यायची असेल, तर ऑलिम्पिकमध्ये दिसते तशी एक कार्बनची चकचकीत नाव घेऊ नका. त्याच पैशात फायबरच्या, जरा रुंद बुडाच्या, एकसारख्या दोन नावा घ्या. आता ज्यांना भांडायचं आहे त्यांनी पुढं वाचावं.

विषय कुठून निघाला ते थोडक्यात. आपल्याच जिल्ह्यातल्या एका धरणाकाठच्या गावातल्या पोरांनी ठरवलं की आपणही कयाकिंग-कॅनोईंगच्या शर्यतीत उतरायचं. भोई समाजाची पोरं, पाण्यातच वाढलेली. गावानं थोडी वर्गणी दिली, एका पुढाऱ्यानं 'उरलेले मी घालतो' असा शब्द दिला. इथपर्यंत आनंदीआनंद. मग नाव कोणती घ्यायची यावर तीन पार्ट्या पडल्या. एक म्हणते के-२, एक म्हणते सी-२, आणि तिसरी म्हणते, 'साहेब जे देतील ते घ्या, मोफतच्या बैलाचे दात मोजू नका.' गाव नि पुढारी, दोघांचंही नाव मी इथं लिहीत नाही, कारण प्रश्न त्यांच्यापुरता नाही. धरण आपल्या जिल्ह्यात एक नाही. इसापूर आहे, बेंबळा आहे, अरुणावती आहे, पूस आहे. आज ही चर्चा एका गावात आहे, उद्या चार गावांत होईल. म्हणून चव्हाट्यावर लिहितो.

आधी के-२ आणि सी-२ म्हणजे काय ते समजून घेऊ. कारण कट्ट्यावर भांडणाऱ्या निम्म्या लोकांना हाच फरक माहीत नाही.

'के' म्हणजे कयाक. बसून चालवायची, पाय पुढं लांब, वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. नावेखाली छोटं सुकाणू असतं आणि पुढं बसलेला गडी ते पायानं फिरवतो. 'सी' म्हणजे कॅनो. शर्यतीच्या कॅनोत एक गुडघा टेकून, दुसरा पाय पुढं रोवून वल्हवतात. वल्ह्याला एकच पाती. एक गडी डावीकडून मारतो, दुसरा उजवीकडून. सुकाणू नाहीच. मागचा गडी वल्ह्याच्या शेवटच्या हिसक्यानं नाव सरळ ठेवतो. आपल्या डोंगेवाल्याला हा हिसका कोणी शिकवावा लागत नाही. पुढचा आकडा म्हणजे माणसं. दोन आहे म्हणून दोन.

आंतरराष्ट्रीय नियमानं दोन्ही नावा जास्तीत जास्त साडेसहा मीटर लांब असू शकतात, म्हणजे एकवीस फुटांच्या वर. वजन के-२ चं किमान १८ किलो, सी-२ चं किमान २० किलो. वेगात कयाक पुढं. पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये पुरुषांची ५०० मीटरची के-२ शर्यत साधारण १ मिनिट २७ सेकंदांत जिंकली गेली, सी-२ ला साधारण १ मिनिट ३९ सेकंद लागले.

आता पहिल्या पार्टीचा युक्तिवाद. 'शर्यतच करायची तर शर्यतीचीच नाव पायजे. ऑलिम्पिकवाले जी वापरतात ती.' ऐकायला झकास वाटतं. पण ती नाव इतकी वेगवान का आहे, हे कोणी विचारत नाही.

नाव पाण्यात चालली की दोन गोष्टी तिला मागं ओढतात. एक, पाण्याला घासणारा तिचा पृष्ठभाग. दुसरी, ती स्वतःच उठवते ती लाट. नाव जितकी लांब आणि अरुंद, तितकी ती लाट कमी उठवते आणि तितकी पुढं पळते. म्हणून नावा बनवणारे वर्षानुवर्षं नाव चिंचोळी करत आले. पूर्वी नियमात किमान रुंदी होती, के-२ ला ५५ सेंटिमीटर. तर या हुशार लोकांनी काय केलं? पाण्याच्या रेषेखाली नाव अरुंद ठेवली आणि वर, पाण्याला न टेकणाऱ्या भागात, दोन्ही बाजूंनी फुगवटे काढून रुंदी भरून दाखवली. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकनंतर ही रुंदीची अटच काढून टाकली. आज शर्यतीची के-२ जेमतेम दीड फुटाच्या आसपास रुंद असते आणि तिचं बूड गोल असतं.

दीड फूट रुंद आणि गोल बुडाची नाव म्हणजे काय, हे समजायला ऑलिम्पिक पाहायची गरज नाही. पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यावर उभं राहून बघा. तिच्यात वर्षानुवर्षं सराव केलेला खेळाडू स्थिर बसतो, कारण त्याचं शरीर आपोआप तोल सावरतं. नवशिक्या पोराचा सगळा जोर न उलटण्यात जातो. वल्हं पाण्यात टेकवून आधार घ्यायचा, घाबरून आखडायचं, पुन्हा आधार घ्यायचा. म्हणजे जगातली सगळ्यात वेगवान नाव आणि तिच्यातला सगळ्यात हळू गडी! दोन माणसांच्या नावेत तर एकानं जरा अंग हलवलं की दुसऱ्याचा तोल गेला. जी नाव सरळ धरताच येत नाही, ती आपल्यासाठी वेगवान नाहीच. नुसत्या कागदावर वेगवान.

आणखी एक बारीक गोष्ट आहे, पण पैसे तिथंच पाण्यात जातात. पोर्तुगालच्या नेलोसारख्या नावाजलेल्या कंपन्या एकच नाव वेगवेगळ्या मापात बनवतात, वल्हवणाऱ्यांच्या वजनाप्रमाणं. चपलेचे नंबर असतात तसं. आपली पोरं आहेत पंचेचाळीस-पन्नास किलोची. कोणीतरी कुठून तरी सेकंडहँड के-२ आणली, ती ८५ किलोच्या धिप्पाड गड्यांसाठी बनलेली निघाली, तर हलकी जोडी बसल्यावर ती पाण्यात पुरती बसतच नाही. वर तरंगते, वारा धरते आणि आणखी डगमगते. 'नाव मस्त आहे, फक्त वापरलेली आहे' असं सांगणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा, 'किती वजनाच्या जोडीची?' उत्तर आलं नाही तर फोन ठेवून द्या.

आता आपल्या पाण्याकडं येऊ. मला सगळ्यात जास्त राग इथंच येतो.

शर्यतीचा जलमार्ग कसा असतो? ९ मीटर रुंदीच्या सरळ रांगा, दोन्हीकडं तरंगत्या खुणा, निदान दोन मीटर खोल पाणी, आणि पाण्याखाली काहीही नाही. आणि आपली धरणं? पावसाळ्यात काठोकाठ, उन्हाळ्यात अर्धा किलोमीटर चिखल तुडवून मग पाणी. मधल्या काळात पाणी जसं उतरतं तशी बुडालेल्या बाभळींची खोडं वर येतात. काठाला बेशरम माजलेली. जिथं गाळपेर होते तिथं तार-कुंपणाचे खुंट. आणि सगळीकडं मासेमारीची जाळी, ज्यांवर कोणाचं तरी पोट आहे. शर्यतीच्या के-२ चं सुकाणू बुडाखाली लटकलेलं असतं. ते पहिल्या आठवड्यात जाळ्यात अडकणार. मग जाळं फाटलं म्हणून भांडण, सुकाणू वाकलं म्हणून नाव बंद. कार्बनच्या पातळ अंगाला खोड लागलं तर तडा जाणार, आणि ती नीट सांधणारा माणूस यवतमाळात कुठं शोधाल? फायबर दुरुस्त करणारे मात्र तालुक्याच्या गावीही सापडतात. पाण्याच्या टाक्या, कूलरच्या बॉड्या, गाड्यांचे बंपर तेच तर जोडतात.

उन्हाचं तर विचारूच नका. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा पंचेचाळिशीला टेकतो. एकवीस फुटांची नाव ठेवणार कुठं? ग्रामपंचायतीच्या खोलीत मावत नाही, शाळेच्या व्हरांड्यात पोरं चढून बसतील. शेड नसेल तर दोन उन्हाळ्यांत नावेचा पापड. न्यायची कशात? छोटा हत्ती सात-आठ फुटांचा. त्यावर एकवीस फुटी नाव बांधून दारव्हा रोडचे खड्डे पार करून दाखवा, मी स्वतः हार घेऊन उभा राहतो.

आणि वारा. दुपारनंतर धरणावर वारा सुटला की मोकळ्या पाण्यात हातभर लाटा येतात. शर्यतीची नाव पाण्याला टेकून चालते, काठ जेमतेम वीतभर वर. लाट आत आली की नाव भरली. काठापासून अर्धा किलोमीटर आत उलटलात, तर त्या नावेत पाण्यातूनच पुन्हा चढून बसणं भल्याभल्यांना जमत नाही. नाव धरून पोहत काठाला यायचं, हाच मार्ग. शर्यतीच्या ठिकाणी बाजूला बचावाची मोटारबोट फिरत असते. आपल्याकडं बाजूला काय असतं? थर्माकोलच्या तराफ्यावर बसलेला एखादा मासे धरणारा भाऊ.

हा मुद्दा मी उगाच ताणत नाही. २०२१ च्या सप्टेंबरात वर्धा नदीत वरुड तालुक्यात छोटी नाव उलटून एकाच कुटुंबातल्या, नात्यागोत्यातल्या अकरा जणांचा जीव गेला. ती शर्यतीची नाव नव्हती, मासेमारीची होती, माणसं जास्त बसली होती. पण धडा तोच. पाणी, नाव आणि माणसं यांचं गणित चुकलं की पाणी दुसरी संधी देत नाही.

मध्येच एक नवीन पळवाट ऐकू आली. 'नाव घेतली तर पुरातही कामी येईल, त्या नावाखाली निधी मंजूर करून घेऊ.' नाही हो, भाऊ. उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्यावर २०२१ मध्ये एसटी वाहून गेली, २०२३ च्या जुलैत महागावच्या आनंदनगरला लोक पुरात अडकले आणि हेलिकॉप्टरची मदत मागवावी लागली, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. अशा पाण्यात शर्यतीची नाव घालणं म्हणजे दोन जीव आणखी घालणं. बचावाला हवा भरायची रबरी बोट लागते, मोटार लागते, दोर लागतात, शिकलेली माणसं लागतात. ती मागणी वेगळी आहे, मोठी आहे आणि ती वेगळीच लावून धरायची आहे. खेळाची नाव पुराच्या नावाखाली घ्याल तर उद्या पुरात 'बोट दिली तर होती' असं उत्तर मिळेल. लिहून ठेवा.

आता सी-२ वाल्यांकडं येतो. यांचा युक्तिवाद मला मनापासून आवडतो, म्हणून त्याला नीट उत्तर देतो.

ते म्हणतात, आपल्या पोरांच्या हातात एका पातीचं वल्हं लहानपणापासून आहे. आणि भारताला मेडल कशात मिळालं? सी-२ मध्येच. खरं आहे. हांगचौच्या एशियाडमध्ये ऑक्टोबर २०२३ ला अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम या जोडीनं सी-२ च्या १००० मीटर शर्यतीत ब्राँझ आणलं. त्याआधीचं मेडल १९९४ च्या हिरोशिमा एशियाडचं, तेही सी-२ मध्येच. मधली २९ वर्षं कोरडी. सुनील मणिपूरचा, लोकटाक सरोवराकाठच्या मोइरांगकडचा. अर्जुन उत्तराखंडच्या रुडकीकडचा. मोठ्या घरची पोरं नाहीत ही. तळ्याकाठचं पोरगं एशियाडच्या स्टँडवर उभं राहू शकतं, याचा यापेक्षा मोठा पुरावा काय पाहिजे?

पण राजेहो, मेडल नावेनं आणलं की सरावानं? शर्यतीची सी-२ ही के-२ पेक्षाही अवघड. एका गुडघ्यावर, उंच बसून, सुकाणूशिवाय. आपला डोंगा रुंद असतो, त्यात माणूस उकिडवा बसून एका हातानं जाळं ओढतो. त्या सवयीचा उपयोग आहे, पाण्याची भीती नाही हे तर सोन्यासारखं आहे. पण म्हणून पहिल्याच दिवशी शर्यतीची सी-२ हाती देणं म्हणजे बैलगाडी छान हाकतो म्हणून पोराला रेसची मोटरसायकल देणं. दोन-तीन वर्षं तयार झालेली जोडी निघाली की सी-२ साठी मी स्वतः झोळी घेऊन फिरेन. आज नाही.

आणि पोरींचं काय? या सगळ्या चर्चेत पोरींचा 'प' नाही. ऑलिम्पिकनं बायकांना कॅनोत उतरवायला टोकियोपर्यंत वाट पाहायला लावली, म्हणजे २०२१ उजाडलं. कयाकमध्ये मात्र त्या १९४८ पासून आहेत. आपण तरी तेवढा उशीर करू नये. दोघींनी बसायची स्थिर नाव असेल तर आईबाप पाठवतील. दर तिसऱ्या मिनिटाला उलटणारी असेल तर एकही पाठवणार नाही, आणि त्यांचं चुकणारही नाही. भोपाळच्या तलावावर सराव करून प्राची यादव पॅरा-कॅनोत एशियाडच्या गोल्डपर्यंत गेली. भोपाळ आपल्याला मुंबईपेक्षा जवळ आहे, हे लक्षात असू द्या. पोरंपोरी तयार झाली तर पुढचा रस्ता तिकडंही जातो.

मग घ्यायचं काय? माझं म्हणणं असं आहे.

सरावाची दोन माणसांची कयाक घ्या. लांबी पाच-साडेपाच मीटर, रुंदी निदान दोन फूट. अंग फायबरचं. पुढं-मागं बंद कप्पे, म्हणजे उलटली तरी बुडणार नाही आणि पाणी मधल्या भागातच राहील. सुकाणू बुडाखाली नको, मागच्या टोकाला लटकणारं पाहिजे, खोडाला लागलं की वर उचललं जाणारं. ही नाव शर्यतीच्या नावेपेक्षा हळू आहे, मान्य. पण वल्हं मारायची तीच पद्धत, कंबर फिरवायची तीच रीत, दोघांनी एका तालात मारायचा तोच धडा. पुढचा ताल धरतो, मागचा त्याच्या वल्ह्यावर डोळा ठेवतो. हे एकदा अंगात मुरलं की अरुंद नावेत जायला वेळ लागत नाही. उलट रस्ता मात्र नसतो. अरुंद नावेत घाबरलेलं पोर पुन्हा पाण्यात येत नाही.

आणि अशा एकसारख्या दोन नावा घ्या. सगळ्यात महत्त्वाचं हेच, आणि तिन्ही पार्ट्यांपैकी कोणालाच हे सुचलेलं नाही. एका नावेची शर्यत होते काय? एक कार्बनची के-२ घेतली तर दोन पोरं बसणार, बाकीची वीस काठावरून मोबाईलवर शूटिंग करणार. दोन सारख्या नावा असल्या तर चौघं पाण्यात, आणि कोण जिंकलं याचं भांडण नावेवर न जाता अंगातल्या दमावर जातं. जोड्या बदलून बघता येतात. वजनदार पोरगं पुढं चांगलं की मागं, हे कळतं. एक उलटली तर दुसरी जवळ असते, बुडणाऱ्याला धरायला तेवढा आधार. खेळ आणि जीव, दोन्ही सांभाळले जातात. पट्टीचा पैलवान तयार करायला आधी जोडीदार पैलवान लागतो, ही गोष्ट तालमीतल्या पोराला कळते, मग पाण्यातल्याला का कळू नये?

आता पुढाऱ्याच्या शब्दाबद्दल. मदत करणाऱ्याबद्दल माझ्या मनात राग नाही. पण एक कार्बनची नाव, तिच्यावर मोठ्या अक्षरात नाव, फीत कापली, ड्रोन फिरला, रील गेली. मग ती नाव समाजमंदिरात आडवी. हे आपण व्यायामशाळांच्या साहित्याबाबत पाहिलं नाही काय? गंजलेली मशीन कोणाच्या गावात नाही, हात वर करा. दोन साध्या नावांचा फोटो तितका भारी येत नाही, एवढीच अडचण असेल तर फोटो दोन काढू, हार चार घालू. पण निवड पोरांच्या वजनावर, पाण्यावर आणि दुरुस्तीवर होऊ द्या. देणाऱ्याच्या हौसेवर नको.

आणि नाव येण्याआधी या गोष्टी झाल्या पाहिजेत. झाल्या नाहीत तर नाव येऊच नये, या मताचा मी आहे.

१. जलसंपदा विभागाची लेखी परवानगी. 'साहेबांशी बोलणं झालं आहे' ही परवानगी नसते.

२. मच्छीमार सहकारी संस्थेशी बसून ठरलेला सरावाचा पट्टा आणि वेळ. सकाळी वारा पडलेला असताना, जाळी नसलेल्या भागात. पोरं त्याच घरांतली आहेत, भांडण लावू नका.

३. जितकी माणसं पाण्यात तितकी लाइफ जॅकेटं, अंगाच्या मापाची. आणि ज्याला अंगावरच्या कपड्यांनिशी पोहता येत नाही त्याला नावेत जागा नाही. भोयाचं पोरगं असलं तरी परीक्षा द्यायची.

४. सावलीचं शेड. नावेच्या आधी शेड.

५. एक शिकलेला प्रशिक्षक, महिन्यातून निदान काही दिवस येणारा. यूट्यूब हा प्रशिक्षक नाही.

६. निदान तीन ठिकाणची कोटेशनं, आणि बिल ग्रामपंचायतीच्या फलकावर. वर्गणी गावाची आहे.

काही जण म्हणतील, 'हा पत्रकार आहे, याला नावेतलं काय कळतं? चांगल्या कामात खोडा घालतो.' घाला शिव्या. पण शासकीय नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण आपल्या जिल्ह्यातली पोरं बातमीतच वाचतात. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांचे घोटाळे मात्र राज्यानं पाहिले. खऱ्या घामाची, खऱ्या पाण्यातली चार प्रमाणपत्रं या काठावरून निघावीत, एवढंच मागणं आहे. शेतीनं दमवलेल्या, आत्महत्यांच्या बातम्यांनीच ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याची वेगळी बातमी लिहायची संधी मलाही हवी आहे.

धरणासाठी ज्यांच्या बापजाद्यांची शेतं पाण्याखाली गेली, त्यांच्या नातवंडांना त्याच पाण्यावर पहिला हक्काचा खेळ मिळणार असेल, तर तो दिखाव्याचा नको. दोन नावा, चार वल्ही, वीस पोरंपोरी आणि एक शेड. सुरुवात एवढ्यावर होते.

ज्या गावात ही चर्चा चालू आहे त्या गावच्या मंडळींनी येत्या ग्रामसभेत हा विषय लेखी मांडावा. बोलवाल तर मी येतो. पटलं तर पुढं पाठवा, नाही पटलं तर मुद्द्यानं भांडा. फक्त 'साहेब जे देतील ते घ्या' हा मुद्दा आणू नका.